लघुग्रह आणि दुसरा खिळा

बाबा, तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली. त्याच्याही आधीपासून मी एक खोटं जपून ठेवलं होतं, आणि परवा कळलं की ते जपायची काही गरजच नव्हती. म्हणून लिहायला बसले आहे. शाळेला सुट्टी आहे, तपासायचे पेपर बाजूला सारलेत.

माझी दहावीची परीक्षा संपलेली, निकाल लागायचा होता. मला अकरावीला सायन्सला जायचं होतं आणि मामाचं म्हणणं, मुलीला टायपिंगला घाला, वर्षभरात कुठल्यातरी ऑफिसात चिकटेल. तुम्ही हो म्हणत नव्हतात, नाही म्हणत नव्हतात. "बघूया" म्हणायचात, आणि तुमच्या 'बघूया'चा अर्थ घरात सगळ्यांना माहीत होता. त्या सुट्टीत कांदिवलीहून तुमचा डबा घेऊन जोगेश्वरीच्या फर्निचरच्या कारखान्यात यायचं काम माझ्याकडे होतं. त्यातली एक दुपार अजून डोळ्यांपुढे आहे: मी दारात उभी आहे, तुम्ही लाकडाच्या भुशात मांडी घालून बसलाय, पुढ्यात पेपर, आणि तुमचे जोडीदार पॉलिशवाले काका घाबरून विचारतायत, "दगड पडणार म्हणजे पडणार कुठे?" बातमी अशी होती की एक लहानसा लघुग्रह पृथ्वीच्या जवळून, चंद्र आहे त्याच्या दुपटीपेक्षाही कमी अंतरावरून निघून गेला, आणि शास्त्रज्ञांना त्याचा पत्ता लागला तो गेल्यावर. तुम्ही पेपरची घडी घातलीत. "गेलो मां? मगे झाला तर," तुमच्या मालवणीत म्हणालात आणि डबा उघडलात.

काकांचं समाधान होईना. तो सूर्याभोवती फिरतोय, परत परत येणार, असंही पेपरात होतं. मग तुम्ही जेवण अर्धवट टाकून उठलात. लंबगोल डायनिंग टेबलाच्या ऑर्डरचं प्लायवुड पडलं होतं. त्याच्या पाठीवर दोन खिळे ठोकलेत, दोऱ्याचा फास दोन्ही खिळ्यांभोवती टाकलात, पेन्सिलीने दोरा ताणून धरलात आणि एका दमात लघुग्रहाची वाट काढून दाखवलीत. बरोबर मध्यावर ठिपका दिलात, "ह्यो सूर्य," आणि त्याच्याभोवती पृथ्वीचा गोल काढलात. दोन्ही वाटा एकमेकींना छेदत होत्या. "रस्ते क्रॉस होतत. पण दोघांनी एकाच टायमाक थंय येवक व्हया मां?" काकांच्या जिवात जीव आला.

आणि मी म्हणाले, "चुकलं."

सुताराच्या दृष्टीने तुमचं बरोबरच होतं. आकार काढून झाला की खिळे उपटायचे आणि भोकं लांबी भरून बुजवायची. टेबलाचा मान मध्याला. पण सूर्य मध्यावर नसतो, एका खिळ्याच्या जागी असतो, हे मी आदल्याच आठवड्यात लायब्ररीच्या पुस्तकात वाचलं होतं, आणि कारखान्यातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगून टाकलं. तुम्ही पेन्सिल कानावर ठेवलीत.

"सूर्य खिळ्यार बसता? बरां. मगे दुसऱ्या खिळ्यार काय आसा?"

मला माहीत नव्हतं. पुस्तकात असेलही, मी पुढचं पान उलटलं नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते, माझी पुरती तंतरली होती. मी म्हणाले, "शास्त्रज्ञ अजून शोधतायत."

"घरी जा. ऊन झाला," एवढंच म्हणालात. मला वाटलं, वाट लागली, आता टायपिंगच. मग रविवारी तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून कुठेतरी जाऊन आलात आणि संध्याकाळी आईला म्हणालात, "तिका सायन्साक जाऊंदे. दुसऱ्या खिळ्याचा कोणीतरी बघूक व्हया." आईला काही कळलं नाही. मी मोरीत जाऊन रडले.

कॉलेजात गेल्यावर समजलं की दुसऱ्या खिळ्याच्या जागी काहीच नसतं. नुसती रिकामी जागा. तेव्हापासून मनात टोचत राहिलं की माझं सगळं शिक्षण तुम्हाला मारलेल्या एका थापेवर उभं आहे. त्यात तुम्ही दर पाहुण्याला सांगायचात, "एका खिळ्यार सूर्य. दुसऱ्यार काय ता अजून कोणाक गावूक नाय. आमची मुलगी शोधता." आणि माझ्याकडे बघायचात. मी कप गोळा करून आत सटकायची.

परवा घाटकोपरला एका लग्नात पॉलिशवाले काका भेटले. थकलेत खूप. बोलता बोलता मी त्यांना सगळं सांगून टाकलं, तर त्यांना हसून हसून ठसकाच लागला. "अगं, तुझ्या बापाला माहीत होतं ना! त्या रविवारी तो तुझ्या सायन्सच्या सरांच्या घरी गेला होता. सर बोलले, तिथे काय नसतं. आम्हाला येऊन सांगितलं त्याने, वर दम दिला की पोरीला कोणी बोलायचं नाय. बोलला, सूर्याचं बरोबर सांगितलं तिने, बाकी थाप मारली. अर्धं बरोबर आलं, उरलेलं शिकेल."

मी हातातली आइस्क्रीमची वाटी खाली ठेवली. किती हलकं वाटलं म्हणून सांगू! तुम्ही फसला नव्हतात. सगळं कळून, विचारून, तुम्ही मला पाठवलं होतंत. मग जरा रागही आला. म्हणजे पाहुण्यांसमोर तुम्ही माझ्याकडे बघायचात, ते माझी फिरकी घेत होतात! घरी येईपर्यंत रिक्षात एकटीच हसत होते.

हे पत्र टाकणार कुठे? वहीतच राहील. पण एक कबूल करते. खरं सांगायची संधी मला कितीदातरी मिळाली होती. तुम्ही रागवाल म्हणून गप्प बसले, असं मी स्वतःला सांगत आले. तसं नव्हतं, बाबा. खरं सांगितलं असतं तर तुम्ही पाहुण्यांना 'आमची मुलगी शोधता' म्हणणं थांबवलं असतंत, आणि मला ते ऐकायला फार आवडायचं.