दुसऱ्या कप्प्यातला छात्र

गुरुजी, आठवीच्या वर्गात तुम्ही माझ्या हातून जे यंत्र काढून घेतलं, त्याच्याबद्दल लिहितो आहे. साकोलीतली शाळा, खिडकीजवळचा बाक, आणि माझ्या मांडीवर दप्तराआड लपवलेला तो व्हिडिओ गेमचा राखाडी डबा. मामाने परदेशातून आणलेला, पाठीत खेळाची कॅसेट खोचलेला. तुम्ही शब्दरूपं म्हणवून घेत होते आणि मी खेळातल्या एका वाटसरूला नदीपलीकडे नेऊ पाहत होतो. तुमचं संस्कृत काशीत घासलेलं, पण रागवायला तुम्ही झाडीबोलीतच उतरायचे. "काय करून राहिला बाबू? आन इकडे." मी दिलं. तुम्ही ते उपरण्यात गुंडाळलं आणि म्हणाले, "वर्ष सरलं का देतो. तवर रूपं पाठ कर."

वर्ष सरलं आणि तुम्ही खरंच घरी आले. मला अजून ते स्वयंपाकघर दिसतं. आई भात वाढते आहे, तुम्ही दारातच उभे आहात, कारण आत आलात तर जेवावं लागेल. यंत्र आईच्या हातात देऊन तुम्ही मला सांगता, "सेल काढून ठेवले. आत रायले तं गंजते." मी मान वर करत नाही. रुसण्यात मी तेव्हाही पारंगत होतो. यंत्र धानाच्या कोठीमागच्या पेटीत गेलं ते गेलंच.

आता मी तुमचाच विषय शिकवतो. हसू नका. यंदा घर रंगवायला काढलं तेव्हा ती पेटी उघडली. यंत्राचा पडदा मेलेला होता, पण सेलांची जागा लख्ख, कुठे गंज नाही. कॅसेटही धड. हल्ली असा जुना खेळ फोनवर खेळता येतो. फोनला एक प्रोग्राम द्यायचा आणि त्याने त्या जुन्या यंत्राचं सोंग घ्यायचं. आपल्या भाषेत परकायाप्रवेश. आत्मा जुना, काया नवी, आणि आपण दुसऱ्याच देहात आहोत याचा आत्म्याला पत्ता लागता कामा नये.

ते किती अवघड आहे हे मी सुट्टीभर पाहिलं. सरावासाठी त्या जातीचे साधे खेळ आधी चालवून बघितले. फोन हजारपट चपळ, त्यामुळे पहिल्यांदा खेळातला माणूस वाघ मागे लागल्यासारखा पळाला. चपळाने म्हाताऱ्याच्या चालीने चालायचं, एका पावलाचंही अंतर पडू द्यायचं नाही, हे खरं तप. चाल जमली तर आवाज फोडणीतल्या मोहरीसारखा तडतडला. काचेवरच्या बटणांना कड नाही, अंगठा घसरतो आणि माणूस खड्ड्यात. सगळ्यात नवल खेळातल्या माणसाच्या सावलीचं. जुना पडदा मंद होता, त्यावरचं चित्र लगेच पुसलं जात नसे. म्हणून खेळ करणाऱ्यांनी सावली भराभर लुकलुकत ठेवली होती, मंद पडद्यावर ती धुरकट दिसायची. फोनच्या चोख पडद्यावर ती नुसती लुकलुकते. म्हणजे सावली हवी तर फोनला जुन्या पडद्याचा दोषसुद्धा शिकवावा लागतो. कुठली कोण माणसं, फुकट, वर्षानुवर्षं बसून एका मेलेल्या यंत्राचे दोष मनोभावे उतरवून घेतात, गुरुजी. मी हात जोडले. बायकोने विचारलं, फोनले काहून नमस्कार करून राहिले?

पण माझा जीव अडकला होता तो दुसऱ्याच गोष्टीत. खेळ कुठवर आला हे कॅसेट आतल्या एका बटणसेलाच्या जोरावर लक्षात ठेवते. तो सेल विझला की सगळं पुसलं. मला माझा नदीकाठ परत हवा होता. आणि खरं सांगायचं तर, तुम्ही तो तेव्हाच पुसला असणार, हे मी तीस वर्षं धरून चाललो होतो. कॅसेट वाचायचं लहानसं उपकरण मागवलं, फोनला जोडलं. नक्कल उतरू लागली तसा मी घाईने उपकरण काढायलाच निघालो. बायकोने मनगट धरलं. "तीस वर्षं रुसून बसले, आता दोन मिनिटं दम धरा नं." नक्कल झाल्यावर प्रोग्रामने ती पुन्हा मुळाशी ताडून पाहिली. मला तुमचा घनपाठ आठवला. पद पुढून, पद मागून, एक अक्षर हललं तरी कळलंच पाहिजे. अक्षर हललेलं नव्हतं.

खेळ उघडला. आठवणीचे तीन कप्पे असतात, तीन खेळणाऱ्यांसाठी. पहिल्यात मी, नदीकाठी, जसाच्या तसा. तिसरा रिकामा. दुसऱ्यात कोणीतरी रोमन लिपीत सहा घरं भरून नाव घातलं होतं: छात्र.

मी बराच वेळ ते वाचत राहिलो. वर्षभर यंत्र तुमच्याशिवाय कोणाकडे नव्हतं. छात्र नदी ओलांडून गेला होता. जंगल, डोंगर, सातही किल्ल्या. शेवटच्या दारासमोर तो उभा आहे, आत गेलेला नाही. खेळलेला वेळ लिहिलेला असतो, गुरुजी. तुम्ही मला रूपांना बसवलं आणि स्वतः काय करून राहिले होते ते आता उघड झालं आहे. माझ्या कप्प्याला मात्र तुम्ही बोटही लावलं नाही. ते दार तुम्हाला उघडलं नाही, की तुम्हीच उघडलं नाही, हे विचारायला आता तुम्ही नाही. मीही ते उघडलेलं नाही. फोन अधूनमधून सुरू करतो, छात्राची धुरकट सावली नीट पडते का ते बघतो, आणि बंद करतो.

हे पत्र तुमच्या घरच्या पत्त्यावर टाकता आलं असतं, पण टाकत नाही. ते वाचलं तर मी गावभर जे सांगितलं होतं त्याचं खरंखोटं तुमच्या घरच्यांना कळेल. गुरुजींनी माझं यंत्र बिघडवून परत दिलं, असं मी त्या उन्हाळ्यात ज्याला त्याला सांगत सुटलो होतो. तुमच्याही कानावर आलं असेल. तुम्ही काही बोलले नाही. ते बिघडलेलं नव्हतं, गुरुजी. मी सेल घालून पाहिलेच नव्हते.