वैशालीच्या सॅकमधले तांदूळ

मंगळवार, मुलुंड

संध्याकाळी टूरवाल्या मुलीचा फोन. इटलीतली द्राक्षमळ्यांच्या डोंगरांवरची ती जुनी गावं, सहा दिवस पायी. "काका, तुमचं एकट्याचं बुकिंग ठेवू का?" कळवतो म्हटलं. काय कळवणार, डोंबल?

वैशालीला जाऊन दीड महिना झाला. तिथल्या चढाची सवय व्हावी म्हणून आम्ही दोघं रोज बिल्डिंगचे सात मजले चढायचो. तिच्या सॅकमध्ये वजनाला पाच किलो तांदूळ. लिफ्टमधून जाणारे हसायचे. "हसू दे रे, तिकडे मी तुझ्या पुढे असेन," म्हणायची. ती गेल्यापासून सॅक दारामागे तशीच होती, तांदळासकट. मी हात लावला नाही. का, ते माहीत नाही. रडूही आलं नाही.

आज जेवायला बसताना बघतो तर सॅक रिकामी, सपाट. सून म्हणाली, "बाबा, आईंच्या सॅकमधले तांदूळ काढले हां. किडे व्हायला लागले होते."

बरं केलंस, म्हटलं. पानात त्याच तांदळाचा भात होता. ओरडायला हवं होतं ना मी? निदान उठायला तरी?

भात छान मोकळा झाला होता. दोनदा मागून घेतला.