अंबडला आलेल्या हेलनबाई

अंबड, नाशिक
४ फेब्रुवारी २०२४

ती. आप्पांस वेदिकाचा शि. सा. न.
वि. वि. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि आई निम्मंच सांगते, म्हणून हे पत्र. डिझेलच्या पंपांना मागणी उरली नाही. आमचा कारखाना बंद होईल असं दिसतंय. ते ठरवायला लंडनहून कंपनीच्या मुख्य अधिकारी हेलन ब्रॅडवेल स्वतः आल्यात.

बाई साठीच्या. बसड्रायव्हरची मुलगी. सोळाव्या वर्षी लेथवर शिकाऊ म्हणून लागल्या, संध्याकाळचं कॉलेज करून इंजिनिअर झाल्या, चढत चढत इथवर आल्या. त्यांचा पहिला कारखाना बंद झाला तेव्हा ते त्यांना पेपरातून कळलं होतं. म्हणून वाईट बातमी समोर उभं राहूनच द्यायची, असा त्यांचा नेम आहे.

मी धीर करून म्हटलं, याच मशिनींवर इलेक्ट्रिक बसची बॅटरी गार ठेवणारे पंप होतील. हे वर कुणाला सांगितलंस का, असं त्यांनी विचारलं. कुणी विचारलंच नाही, मी म्हणाले. तेव्हा त्या म्हणाल्या की सहा महिने मागून घेते, करून दाखव.
तुमचा हात पाठीवर असू द्या.
तुमची वेदिका

सायखेडा
१५ फेब्रुवारी

चि. वेदिकास अनेक आशीर्वाद.
बाई चांगली दिसते. पण मोठ्या साहेबांचा शब्द विमानात बसला की विरतो. दुसरी नोकरी बघून ठेव. तुझी आई म्हणते, बापाचं ऐकू नको, पंप कर. द्राक्षं उतरायला लागलीत. दोन दिवस ये. जिवाला जप.
आप्पा

अंबड, नाशिक
२० ऑगस्ट २०२४

ती. आप्पांस शि. सा. न.
शब्द विरला नाही. पंप चाचणीत पास झाला, मोठी ऑर्डर आली, कुणाचीही नोकरी जात नाही.

गेली ती बाईंची. संचालकांना तेव्हाच कारखाना बंद करून विकायचा होता. नाशिकला मुदत नसेल तर माझा राजीनामा घ्या, असं बाई अडून बसल्या होत्या. मुदत मिळाली, पण संचालक बाईंवर उलटले आणि आता त्यांनी त्यांना जायला सांगितलं. परवा बाईंनी स्क्रीनवरून आम्हा सगळ्यांना स्वतः सांगितलं. स्वतःचं एका वाक्यात उरकलं आणि मग कितीतरी वेळ आमच्या पंपाचं कौतुक करत बसल्या. फिटिंगमधले केरूभाऊ डोळे पुसत होते.

त्यांना पत्र लिहायचंय. एवढ्या मोठ्या बाईला मी काय धीर देणार? सुचत नाही. लोभ आहेच, तो वाढावा.
तुमची वेदिका

सायखेडा
२७ ऑगस्ट

चि. वेदिकास अनेक आशीर्वाद.
माझा अंदाज चुकला, लय बरं झालं.
सुचायचं काय त्यात? लेकीची नोकरी गेली तर आपण म्हणतो, चार दिवस माहेरी ये. तेच लिही. गोदेकाठी हवा चांगली आहे म्हणावं. तुझ्या आईनं पुढची खोली रंगवायला काढलीय. बाईंना तिखट कितपत चालतं, तेवढं विचारून कळव.
आप्पा