सोफा, ताई आणि चार पायांचा पाहुणा

३ नोव्हेंबर, सोमवार
ताईचा फोन. चार वर्षांनी! शनिवारी येते म्हणाली, तीन दिवस राहते म्हणाली. आनंद झाला, पण आवाजात दाखवला नाही. मग म्हणाली, सोबत कुत्रा आहे. म्हटलं, कुत्रा चालणार नाही. ती म्हणाली, मग मीही येत नाही. फोन आपटला. मोठी बहीण असली म्हणून काय झालं? घर माझं, तत्त्व माझं.

मागच्या वेळी तिची आधीची कुत्री मी जिन्यात बांधली होती. ताई स्वतःचं ताट घेऊन जिन्यात जाऊन बसली, तिथेच जेवली आणि तशीच परत गेली. तेव्हापासून अबोला. चूक अर्थात तिचीच. जिन्यात छान वारा असतो.

४ नोव्हेंबर
ही म्हणाली, आता नाही म्हणालात तर ताई पुन्हा या घराची पायरी चढायच्या नाहीत. मी घाबरलो वगैरे नाही. पण सोफ्याचं काय? मी सोफे बनवणारा माणूस. हा घरचा सोफा मी स्वतः बांधला, स्वतः शिवला. तेव्हाचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही. पाहुणेसुद्धा त्याच्या टोकाला, जपून बसतात. त्यावर कुत्रा?

संध्याकाळी ताईला फोन केला. ही शरणागती नव्हे. सशर्त परवानगी.

७ नोव्हेंबर
पुठ्ठ्यावर नियम लिहून दाराला लावले. सोफ्यावर चढू नये. जेवताना टेबलाखाली जाऊ नये. दुपारी कुणाची झोपमोड करू नये. भुंकू नये. अंगचटीला येऊ नये. ही म्हणाली, त्याला वाचता येतं का? दुर्लक्ष केलं.

८ नोव्हेंबर, शनिवार
आले. ताईचे केस पार पांढरे झालेत. मला कुणी सांगितलंच नाही. प्राणी वासराएवढा, तोंडाभोवती तोही पांढरा. ताई त्याला म्हणाली, मामाला हात दे. त्याने मला एकदा हुंगलं आणि माझ्या चपलांवर जाऊन झोपला. मी कुणा कुत्र्याचा मामा नाही. नोंद असावी.

९ नोव्हेंबर, दुपारी ३
कडक लक्ष ठेवून आहे. प्राण्याने एकही नियम मोडलेला नाही. सोफ्याकडे तर ढुंकूनही बघत नाही. या घरात आलेल्या प्रत्येकाने सोफ्याचं कौतुक केलंय. याला काय धाड भरली? प्लास्टिक वाजतं म्हणून असेल.

संध्याकाळी ६
प्लास्टिक काढलं. कापडाला हवा लागावी, एवढाच हेतू. ही बघतच राहिली. ताई लगेच पाय वर घेऊन ऐसपैस बसली. कुत्रा चपलांवरच.

१० नोव्हेंबर
कामावर गेलो नाही. सोमवारी तसंही फारसं गिऱ्हाईक नसतं. सोफ्याच्या मधोमध उकडलेलं अंडं ठेवलं. निव्वळ परीक्षा म्हणून. तो आला, चारी पाय जमिनीवर ठेवून मान लांब केली, अंडं उचललं आणि गेला. मग म्हटलं, बिचाऱ्याला समजत नसेल. सोफ्यावर गुडघे-हात टेकून चढून दाखवलं. थोडं भुंकूनही दाखवलं. नेमकी तेव्हाच ताई आत आली.

हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. खाली फतकल मारून बसली. म्हणाली, तू लहानपणी जेवायचा नाहीस, तेव्हा मी अशीच रांगून दाखवायचे. मग हसायची थांबली. म्हणाली, त्या दिवशी जिन्यात फार वाईट वाटलं होतं रे. मी म्हटलं, चुकलं माझं. चार वर्षं हे दोन शब्द तोंडातून निघत नव्हते. निघाले आणि बरं वाटलं.

११ नोव्हेंबर
गेले. भाच्यासाठी काल उत्तम फोमची गादी शिवली होती, दुहेरी टाके. शेवटपर्यंत तिच्यावर बसला नाही. घरात चैन पडत नाही. चपलांना त्याचे केस चिकटलेत, राहू दे म्हटलं.

हिने पुठ्ठा काढून हिशेब मांडला. कुत्र्याने मोडलेले नियम शून्य. टेबलाखाली वाकून भरवणे, दुपारी झोपेतून उठवणे, गळ्यात पडणे, भुंकणे, सोफ्यावर चढणे: सगळे माझ्या नावावर. मी म्हटलं, यजमानाला नियम लागू नसतात.

१५ नोव्हेंबर, शनिवार
ताईला फोन. सुट्टीत या म्हटलं, नियम रद्द केलेत. ती म्हणाली, मी येईन, त्याला नाही आणणार. त्याचं वय झालंय, दुपारची झोप लागते आणि मामा ती होऊ देत नाही.

बरं, मग मीच येतो, म्हटलं. ये की, म्हणाली, पण सोफा त्याचा आहे, तुला खाली चटई. कुठला सोफा? तर म्हणे, तो घरी दिवसभर सोफ्यावरच लोळतो. तुझ्याकडे चढू नये म्हणून महिनाभर शिकवणी घेतली, मग तुला पहिला फोन केला.

मी विचारलं, सोफा कुणी बनवलाय? म्हणाली, दुकानातून आणलाय, तयार.

तयार सोफा! चटई कुठे टाकशील, एवढंच विचारलं. दाराशी, म्हणाली, चपलांजवळ.

बॅग भरली आहे.