मत नको, दादा

१४ मार्च, दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक, असं पहिल्या ओळीत लिहायचं असतं म्हणून लिहिलं. बाबा आहेत तसेच तापट. परवा एका आजोबांची कवळी घासता घासता त्यांनाच दम दिला, "दात मी करतोय म्हणून डोकंही माझंच खाणार का?" आजोबा बिनदातांचे खदखदून हसले. मी ते लगेच त्या साइटवर लिहिलं. तुझं मतही पडलं, नेहमीसारखं, थोड्याच वेळात.

घर सोडायच्या आधी तूच मला तिथे खातं काढून दिलंस. "लिही गं खिडके," म्हणालास. माझे पुढचे दात पडले तेव्हापासून तू मला खिडकीच म्हणतोस. "वाचणाऱ्यांनी मत दिलं की क्रिप्टो जमा होतं. बाबांसारखं कवळ्यांचं नुसतं प्लॅस्टर कालवून काय मिळणार?" बाबांचं डोकं फिरलं. "हा जुगार आहे" वरून सुरू झालं ते "पुन्हा तोंड दाखवू नकोस" वर संपलं. तूही खरंच दाखवलं नाहीस. दोघं सारखेच हेकट!

मावशी विचारते, रोज एवढं काय लिहीत बसतेस? मी सांगते, चार पैसे मिळतात. कसले डोंबलाचे पैसे! ते क्रिप्टोचं नाणं कधीच गडगडलंय, त्यात एक चहा येत नाही. तुझा फोन बंद होता, पाठवलेलं पत्र परत आलं होतं, पण मत तेवढं येत होतं. मत आलं म्हणजे दादाने वाचलं. म्हणजे तो कुठेतरी आहे, जेवतोय-खातोय. एवढ्यासाठी मी ताप अंगात असतानाही दोन ओळी टाकल्यात.

आणि बाबा. तुझं नाव काढत नाहीत. पण संध्याकाळी मेण वितळवायची शेगडी बंद करताना विचारतात, "आलं का?" मी "आलं" म्हणते. मगच जेवायला बसतात.

मागच्या आठवड्यात तिथेच लिहिणाऱ्या एका नर्सताईंना मी कौतुकाने कळवलं, माझा भाऊ एक दिवस चुकवत नाही. त्यांचं उत्तर आलं, "अगं, ते आपोआप पडतं. एकदा लावून ठेवलं की झालं. माणसाने वाचायलाच पाहिजे असं नाही."

मग मागचं सगळं तपासलं. एकदा माझ्या हातून चुकून रिकामीच पोस्ट गेली होती, नुसतं एक टिंब. त्यालाही तुझं मत आहे, तेवढ्याच वेळाने. टिंबात तू काय वाचलंस रे?

आपोआप चालणाऱ्या गोष्टीला मागे माणूस लागत नाही. वाचायला लागत नाही, आणि... जाऊ दे. ते मला लिहवत नाही. बाबांना अजून सांगितलेलं नाही. काल त्यांनी "आलं का?" विचारलं तेव्हा मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठून गेले.

तुझा पत्ता नाही, म्हणून हे पत्र तिथेच टाकतेय. यालाही मत पडेलच. मी उद्याही लिहीन, परवाही लिहीन. दादा, वाचत असलास तर एकच कर. घरी येऊ नकोस, फोन करू नकोस, राग हवा तेवढा ठेव. फक्त ते मत बंद कर. बंद करायला तरी माणूसच लागतो.

एका संध्याकाळी बाबांना "आज नाही आलं" म्हणून सांगू दे मला. कारण कळलं की तेही त्या दिवशी पोटभर जेवतील.

पुढचे दात केव्हाच आले, तरी तुझीच,
खिडकी