पंच्याहत्तर किलोची जागा

२ ऑक्टोबर, सोमवार
आज कोच बोशकोंनी हॉलमध्ये सगळ्यांना उभं करून सांगितलं. दोन डिसेंबरला सुबोतित्साच्या क्लबशी बॉक्सिंगचे सामने. प्रत्येक वजनात आपला एकच माणूस. पंच्याहत्तर किलोत दोघं आहोत, मी आणि वुक्सान. सतरा नोव्हेंबरला आम्हा दोघांचं स्पॅरिंग, म्हणजे सरावाची लढत. जिंकेल तो रिंगमध्ये, हरेल तो बाकावर.

खरं तर स्पॅरिंगची गरजच नव्हती. गेली नऊ वर्षं ही जागा माझी आहे. वुक्सान परवा परवा आलेला, चोवीस वर्षांचा. त्याला डावा हूक मी शिकवला. हल्ली कोच स्वतः त्याचे ठोसे झेलायला पॅड धरतात. माझ्यासाठीही धरायचे, पण आता म्हणतात खांदा दुखतो. वुक्सानची पाळी आली की दुखायचा थांबतो.

मला हेवा वगैरे वाटत नाही. फक्त नोंद करून ठेवतोय.

३ ऑक्टोबर
प्लॅन तयार. नुसतं बॉक्सिंग करून भागत नाही, ताकद आणि दम वेगळा कमवावा लागतो. यावर इंटरनेटवर बरंच वाचलं. एका तज्ज्ञाचं म्हणणं, जड वजनं आठवड्यातून दोनदाच घ्यावीत, तीही बॉक्सिंगच्या नंतर, आधी नाही. ते सामान्य माणसांसाठी असणार. मी रोज घेणार. सकाळी कामावर जाण्याआधी वजनं, दिवसभर लोकांच्या पाण्याचे मीटर वाचत चालणं (हाही व्यायामच), संध्याकाळी बॉक्सिंग.

साखर बंद. दारू, म्हणजे आपली राकिया, बंद. पाव बंद.

५ ऑक्टोबर
हात वर होत नाहीत. सकाळी दाढी करताना हात खाली ठेवून मान वाकवावी लागली.

संध्याकाळी कोच ओरडले, "तिहोमिर, कपाटासारखा काय उभा राहिलायस!" याचा मी चांगल्या अर्थानं विचार केला. कपाट हलवणं सोपं नसतं.

वुक्सान तासभर दोरीवरच्या उड्या मारत होता. शाळेतल्या पोरी मारतात तशा. आणि चारजण उभे राहून बघत होते. दोरीत बघण्यासारखं काय असतं?

६ ऑक्टोबर
हॉलसमोरच्या बेकरीत गेलो, फक्त पाणी घ्यायला. काउंटरवर स्लाजाना होती. तिनं आपणहून विचारलं, "आज ट्रेनिंग कसं झालं? सगळे आले होते का?" सगळ्यांची चौकशी करते. मनानं फार चांगली मुलगी. मला अहोजाहो करते. लाजते बिचारी.

खरपूस पापुद्र्यांच्या गरम बुरेकचा तुकडा पुढे केला, म्हणाली घ्याच. एवढ्या प्रेमानं कोणी दिलं तर नाही कसं म्हणणार? आणि पाव बंद आहे, बुरेक नाही. बुरेकमध्ये चीज असतं, म्हणजे प्रोटीन.

१४ ऑक्टोबर, शनिवार
आमच्याकडे आयवार घालायचा दिवस. अंगणात चुलीवर ढीगभर लाल मिरच्या भाजायच्या, सोलायच्या, मग कढईत तासन्‌तास ढवळायचं. आईला मी सांगितलं होतं की ढवळण्याचं काम माझं, खांद्यांना उत्तम. पण सकाळी पायांचा व्यायाम भरपूर झाला होता, म्हणून जरा आडवा झालो. उठलो तर अंगणात वुक्सान कढई ढवळतोय. इकडून जात होता म्हणे, वास आला म्हणून डोकावला. डाव्या हातानं ढवळत होता, उजव्या हातानं आईला विनोद सांगत होता, म्हणजे तसे हातवारे करत होता. आई अ‍ॅप्रन तोंडाला लावून हसत होती. माझ्या विनोदाला आई शेवटची कधी हसली ते आठवत नाही.

जाताना आईनं त्याला तीन बरण्या दिल्या. मोठ्या. मी म्हटलं आपल्याला पुरतील का? तर म्हणे, "तू तर डाएटवर आहेस ना?"

२० ऑक्टोबर
हॉलमधल्या काट्यावर उभा राहिलो. एकोणऐंशी. काटा जुना आहे, युगोस्लाव्हियाच्या काळातला. शिवाय स्नायू चरबीपेक्षा जड असतात, हे सगळ्यांना माहीत आहे.

माझ्यानंतर वुक्सान उभा राहिला. साडेचौऱ्याहत्तर. त्याच्या बाबतीत काटा बरोबर असू शकतो.

२४ ऑक्टोबर
वुक्साननं आज बॉक्सिंग झाल्यावर बारबेल घेतला. एकशेचाळीस किलो. पाच वेळा जमिनीवरून उचलला, ठेवून दिला, टॉवेल खांद्यावर टाकून निघाला. आठवड्यातून दोनदाच करतो म्हणे. कोच म्हणाले, "बघा, असं करायचं." हे वाक्य त्यांनी माझ्याकडे बघून म्हणायची काही गरज नव्हती.

मी दहा किलो जास्त लावले. गुडघ्यापर्यंत आलासुद्धा. मग कंबरेत कट्‌ असा आवाज झाला. मी शांतपणे बारबेल खाली ठेवला आणि बुटाची लेस बांधायला वाकलो. म्हणजे वाकलेलाच होतो. बराच वेळ लेस बांधत राहिलो.

वुक्सान परत आला. "दादा, लेस मी बांधून देऊ का?" सगळ्यांसमोर. दादा, दादा. चौतिसाव्या वर्षी दादा म्हणवून घ्यायला मी काय त्याच्या बापाच्या वयाचा आहे?

२५ ऑक्टोबर
कंबर. घरी. स्लाजानानं बुरेक पाठवला. वुक्सानबरोबर. तिला दुसरं कोणी मिळालं नसावं.

२ नोव्हेंबर
ट्रेनिंग पुन्हा सुरू. वजनं थोडी कमी, पण संख्या दुप्पट, म्हणजे हिशेब तोच. संध्याकाळी तिसऱ्या राउंडला पाय गेले. कोच म्हणाले, "तू स्पॅरिंगला येतोस तेव्हा तुझी सगळी ताकद सकाळीच संपलेली असते रे." हे त्यांचं निरीक्षण अर्धवट आहे. ताकद संपते, म्हणजे ती आहे.

वुक्सानच्या नवीन ग्लोव्हजवर कोणीतरी रेशमानं त्याचं नाव भरून दिलंय. बायकी काम. एकूणच तो पोरगा जरा शेफारत चाललाय.

१२ नोव्हेंबर, रविवार
पाच दिवस राहिले. घाम काढायचा म्हणून तीन स्वेटर, वर कचऱ्याची काळी पिशवी, आणि बेगेय नदीच्या काठानं पळायला गेलो. वाटेत एका कुत्र्याला मी पटलो नाही.

मागून वुक्सान आला, वेग कमी करून माझ्याबरोबर पळायला लागला. "दादा, सोबत येऊ?" मी म्हटलं, माझा प्रोग्रॅम वेगळा आहे. बरं म्हणाला आणि पुढे गेला. च्यायला, किती हलका पळतो. त्याच्या मागोमाग स्लाजाना सायकलवर. बेकरीत निघाली असणार. बेकरी उलट्या बाजूला आहे, पण नदीकाठची हवा चांगली असते. मी हात हलवला. पिशवीमुळे तिनं ओळखलं नसावं.

ठरलं. सोळाला आमच्या घरच्या संताचा दिवस, स्लावा. स्लावाला कोणाला बोलवत नाहीत, येणारे येतात. ती नक्की येणार. सोळाला तिच्याशी बोलायचं, सतराला वुक्सानला पाडायचं. दोन्ही कामं ओळीनं.

१५ नोव्हेंबर
दिवसभर काही खाल्लं नाही. आई उद्याचं डुक्कर भाजतेय. घरात बसवत नाही. एक तुकडा चाखला, मीठ बघायला. मीठ कळेना म्हणून आणखी दोन.

१६ नोव्हेंबर, गुरुवार
हे शांतपणे लिहिलं पाहिजे.

सकाळी पाद्री येऊन मेणबत्ती लावून, स्लावाचा गोल पाव कापून गेले. यजमान मी. यजमानानं स्लावाला बसायचं नसतं, उभं राहून पाहुण्यांना वाढायचं आणि प्रत्येकाबरोबर एक घोट घ्यायचा. राकिया बंद आहे, पण संताला कसं सांगणार? दुपारपर्यंत मामा, दोन्ही आत्या, शेजारी, कोच बोशको, सगळे येऊन बसले. माझी कंबर ठणकत होती, पण मन प्रसन्न होतं.

दोनच्या सुमाराला दार उघडलं. स्लाजाना. निळा ड्रेस, हातात केक. मागे वुक्सान. केक जड असेल म्हणून सोबतीला आणला असेल असं वाटलं, पण केक तीच धरून होती.

मी पुढे होणार एवढ्यात वुक्सान माझ्यासमोर येऊन उभा राहिला. हातात फितीनं सजवलेली लाकडी सुरई, तिच्यात राकिया. सगळ्यांनी काटेचमचे खाली ठेवले, कारण अशी सुरई कशाला आणतात ते सगळ्यांना माहीत असतं. तो म्हणाला, "दादा, मी लग्न करतोय. माझा कुम होशील?"

आता कुम म्हणजे काय ते मला सांगायला नको. लग्नात शेजारी उभा राहणारा, पुढे पोरांची नावं ठेवणारा, सख्ख्या भावाच्या वरचा. कुमाला नाही म्हणत नाहीत, आमच्याकडे तर कोणी म्हटल्याचं ऐकिवात नाही. पण खरं सांगतो, ते सगळं तेव्हा डोक्यात आलंच नाही. डोक्यात एवढंच आलं की सगळ्या गावातून यानं मला निवडलं, आणि कोच बघतायत. छाती भरून आली. मी सुरई घेतली आणि मोठा घोट घेतला. झालं, होकार.

मग विचारलं, मुलगी कोण?

सगळे हसले. त्यांना वाटलं मी गंमत करतोय. स्लाजाना सगळ्यांत जास्त हसली. केक टेबलावर ठेवून तिनं माझ्या गालाचे तीन मुके घेतले आणि पहिल्यांदा अरेतुरे केलं. "आता तू घरचा," म्हणाली.

मग मामा तोंडातला घास न गिळताच म्हणाला, "म्हणजे उद्या याला मारता येणार नाही तुला."

१७ नोव्हेंबर
तरीही हॉलवर गेलो, ग्लोव्हज घेऊन. कोच म्हणाले, "कुम कुमावर हात उचलत नाही. माझ्या हॉलमध्ये तर नाहीच." मी म्हटलं, हेल्मेट घालून? ते म्हणाले, हेल्मेट घालूनही नाही. मी म्हटलं, हलक्या हातानं? त्यांनी माझ्या हातातले ग्लोव्हज काढून घेतले.

मग जागा कोणाची, विचारलं. त्यांनी काट्याकडे बोट दाखवलं. उभा राहिलो. ऐंशी आणि वर थोडं. कोच म्हणाले, "बरं झालं रे. तुला कसं सांगायचं याच विचारात होतो मी."

कपडे बदलताना वुक्सान आला. म्हणाला, "दादा, मी कोचना गेल्याच आठवड्यात सांगितलं होतं, जागा दादाला द्या, मी पुढच्या वर्षी जाईन. ऐकलं नाही त्यांनी." चेहऱ्यावरून खरं सांगत होता.

हे जास्त झोंबलं. ज्याचा हेवा करायचा त्या माणसानं निदान दुष्ट तरी असावं.

अर्थात त्याच्याविरुद्ध मी अजून एकदाही हरलेलो नाही, हे नमूद करतो.

२ डिसेंबर, शनिवार
सुबोतित्सा क्लब आमच्या हॉलवर. मी वुक्सानच्या कोपऱ्यात, स्टूल आणि बादली घेऊन. कुमानंच कोपऱ्यात उभं राहावं असा त्याचा हट्ट. कोच तयार झाले. म्हणाले, बादली तर धरेल.

पहिला राउंड त्यानं घेतला. दुसऱ्यात समोरच्यानं त्याला दोनदा चांगला ठोकला. राउंड संपल्यावर स्टुलावर बसला, नाकातून रक्त, आणि डोळे भिरभिरत होते. दोन वर्षांत त्याला घाबरलेला पहिल्यांदा पाहिला. याच क्षणाची मी दोन महिने वाट बघत होतो, पण बरं काही वाटलं नाही. त्यानं कोचकडे न बघता माझ्याकडे बघितलं. "दादा, काय करू?"

मी म्हटलं, त्यानं उजवा मारला की तो हात खाली ठेवतो. तेव्हा डावा हूक मार, मी शिकवला तोच. लांबून नको, जवळ जा.

तिसऱ्या राउंडला तो जवळ गेला आणि मारला. माझाच हूक, खांदा तस्साच आत. माझ्यापेक्षा चांगला. सगळा हॉल त्याच्या नावानं ओरडला. त्यात एक आवाज आईचा. स्लाजाना दोऱ्यांमधून आत घुसली. कोचनी त्याला उचलून धरलं, खांदा दुखत असताना. मीही ओरडत होतो, हे जरा उशिरा लक्षात आलं.

मला हेवा वाटतो. आजही वाटला. लिहून टाकतो, वाचणारा मीच आहे.

नंतर हॉल रिकामा झाला, सगळे बेकरीत गेले. बादली आत राहिली होती, अर्धीच भरलेली, लाल पाण्यानं. ती ओतून टाकायची म्हणून एका हातानं उचलायला गेलो. कंबर. मग दोन्ही हातांनी उचलली, मध्ये एकदा खाली ठेवली, आणि नेली.