कोरस : अनोळखी

५ जानेवारी २०२५, भुसावळ

आलो एकदाचे. नागपूरहून बदलीची ऑर्डर निघाली तेव्हा ज्योत्स्नाने आधी नकाशा उघडला. धुळं, म्हणजे तिचं माहेर, आता बसने तीन-चार तासांवर आलं, त्यामुळे स्वारी खूश आहे. क्वार्टर जुनं, रेल्वेचं. उंच छत, जाड भिंती, अंगणात कडुनिंब. इथे आवाज घुमतो असं मयुरीने आल्या आल्या जाहीर केलं आणि प्रत्येक खोलीत, मोरीतसुद्धा, गाऊन खात्री करून घेतली. वय वर्षं नऊ. गप्प बसणं हा प्रकार तिला ठाऊक नाही.

सगळं सामान ट्रकमध्ये आलं. माझ्या रेकॉर्डच्या दोन पेट्या मात्र मी गाडीत मांडीवर घेऊन आलो. संसार ट्रकमध्ये आणि सवत मांडीवर, असं ज्योत्स्ना म्हणाली. सोळा वर्षं ऐकतोय हे, आता राग येत नाही.

९ जानेवारी

ऑफिस बरं आहे. दूरसंचार विभाग, टेबल खिडकीशी. शेजारच्या टेबलावर रतिलालनाना. कॉम्प्युटरच्या घोषणा येण्याआधी फलाटावर गाड्यांची नावं पुकारली जायची ती यांच्याच आवाजात. आजही चहा मागवतात तर एखादी एक्स्प्रेस लागल्यासारखं वाटतं.

शेजारी मंदाबाई राहतात. नवरा गँगमन होता, तो गेल्यावर मुलाच्या क्वार्टरमध्ये असतात. पहाटे अंगण झाडताना खर्जात भजन म्हणतात. दहाच्या सुमारास असलम केळ्यांची गाडी घेऊन येतो. यावलची केळी, ही हाक तो अशी काही उंच नेऊन सोडतो की घेणाराही क्षणभर थांबतो.

संध्याकाळी रेकॉर्ड लावली होती. मंदाबाई कुंपणापाशी येऊन म्हणाल्या, “भाऊ, गानं चांगलं शे. पन गानारा आते कोठे शेतस? बठ्ठा मरी गयात का?” सत्तर वर्षांपूर्वीची गाणी आहेत अक्का, बहुतेक गेलेच असतील, असं मी सांगितलं. त्यांनी जरा विचार केला आणि विचारलं, मग आवाज कसा काय जित्ता शे? मला हसू आलं.

१४ जानेवारी

संक्रांत, आणि टपालाने संच आला. सात महिने वाट पाहत होतो.

कधीतरी ही वही कोणी वाचली तर कळावं म्हणून लिहितो. अमेरिकेतलं १९५० च्या आसपासचं रॉक आणि रिदम अँड ब्लूज हे माझं वेड. मूळ तबकड्या जमवणारे लोक वेगळे. माझा जीव पुनर्प्रकाशित संचांत आहे. गोदामात पडलेल्या टेप शोधून, साफ करून, कधीच न निघालेले टेक, म्हणजे एकाच गाण्याची पुन्हा पुन्हा केलेली मुद्रणं, आणि सोबत जाडजूड पुस्तिका घालून काढलेले संच. कोणी कधी काय वाजवलं ते सगळं त्या पुस्तिकेत असतं. माहीत नसेल तिथे ‘अनोळखी’ छापतात. मग आमच्यासारखे लोक कान देऊन ऐकतात, आवाज ओळखतात आणि पेन्सिलीने नाव भरतात. मी एकदा एक सॅक्सोफोनवाला नुसत्या त्याच्या श्वास घेण्यावरून ओळखला होता. कंपनीला कळवलं, तर त्यांनी सगळ्या गिऱ्हाइकांना शुद्धिपत्र पाठवलं. ती चिठ्ठी मी फ्रेम करून लावली आहे.

आजच्या संचात क्लीटस वॉरेल नावाच्या पियानोवाल्याची एक बैठक आहे, १९५२ ची. एकच गाणं, चार टेक. पुस्तिकेचं पान चौदा : ‘कोरस : चार आवाज, अनोळखी.’ खाली टिंबांच्या चार ओळी.

पहिला टेक ऐकला. कोरसमध्ये एकच बाई, खर्जातली. अगदी मंदाबाई. ज्योत्स्नालाही ऐकवलं, तीही हसली. गंमत म्हणून पहिल्या ओळीवर पेन्सिलीने लिहिलं : मंदाबाई, भुसावळ.

१६ जानेवारी

कालपासून भजन ऐकू आलं नाही. मंदाबाईंचा आवाज बसलाय म्हणे. बसलाय म्हणजे घोगरासुद्धा नाही, काहीच नाही. डॉक्टरांना घशात काही सापडलं नाही. थंडीने झालं असेल.

दुसरा टेक ऐकला. आता दोन आवाज. दुसरा पुरुष आहे आणि शेवटचा शब्द उंच नेऊन सोडतो. मी असलमचं नाव लिहिलं. ओळखू आल्यावर ओळ रिकामी ठेवणं मला जमत नाही.

१७ जानेवारी

असलम आला. गाडीला सायकलची घंटी बांधली होती. ती वाजवत गेला, तोंडातून शब्द नाही. मला पाहून त्याने घशावर हात ठेवला आणि ओशाळल्यासारखा हसला. मी केळी घेतली.

दोन्ही नावं खोडरबराने पुसली.

१९ जानेवारी

पुसून उपयोग झाला नाही. दोघेही मुकेच आहेत.

खरी परीक्षा करावी म्हणून तिसरा टेक लावला आणि पेन्सिल ज्योत्स्नाकडे देऊन ठेवली. दोन सेकंदांत रतिलालनाना ओळखू आले. लिहिलं काही नाही. फक्त ओळखलं.

२० जानेवारी

नाना ऑफिसात पाटीवर लिहून चहा मागत होते. घरी येऊन पान चौदा उघडलं. तीन नावं. पेन्सिलीने नाही, छापलेली. बाकीच्या पानावर आहेत त्याच टाइपात, त्याच शाईने.

मला भीती वाटते आहे. ज्योत्स्ना म्हणते, फोडून टाका ती रेकॉर्ड.

२१ जानेवारी

हातोडी घेतली होती. तेवढ्यात दारात मंदाबाई. त्यांना कसं कळलं कोण जाणे. आत येऊन बसल्या आणि प्लेअरकडे बोट दाखवलं. पहिला टेक लावला. स्वतःचा आवाज ऐकत त्या पदराने डोळे पुसत राहिल्या. संपल्यावर पुन्हा बोट. पाच वेळा.

त्यांचा आवाज आता तेवढ्याच जागी आहे. कसा फोडू?

चौथा टेक ऐकायचा नाही. संच कपाटात घातला, कुलूप लावलं. तोंडाला जरा चव आली.

२७ जानेवारी

ऑफिसातून आलो तर घरात गाणं चालू. मंदाबाई दुपारी आल्या होत्या, त्यांना ऐकवायला मयुरीने किल्ली शोधली. पिन कशी ठेवायची ते मीच शिकवलंय तिला, मोठ्या कौतुकाने. पहिले तीन संपून चौथा सुरू झाला होता. कोरसमध्ये चौथा आवाज. लहान मुलगी.

मी धावत जाऊन पिन उचलली. मयुरी हसत होती. म्हणाली, पप्पा, ही तर मीच आहे.

तिने ओळखलं. मी नाही, तिने —

२७ जानेवारी, संध्याकाळी

चौथी ओळ अजून रिकामी होती. मी शाईने माझं नाव लिहिलं : हेमराज. ठळक. दुसरं कोणाचं मावू नये म्हणून टिंबं संपेपर्यंत गिरवलं. माझा आवाज घ्या. मला काय करायचाय तो, मला ऐकता येतं तेवढं पुष्कळ आहे.

२८ जानेवारी

ज्योत्स्ना मयुरीला घेऊन सकाळच्या बसने धुळ्याला गेली. रोज चार वाजता, शाळा सुटायच्या वेळेला, मयुरीने फोन करायचं ठरलं. संच सोबत न्यायचा नाही, गाणं गुणगुणायचं नाही. बसच्या खिडकीतून मयुरी बडबडतच होती. बस वळेपर्यंत ऐकू येत होती.

माझं नाव छापलं गेलंय. हायसं वाटलं. आता माझा जाईल.

३० जानेवारी

मोठ्याने वर्तमानपत्र वाचतो. आवाज आहे अजून. का आहे?

चारला फोन आला. मामाच्या मांजरीला पिल्लं झाली, तीन. सगळ्यांची नावं सांगितली तिने. मी म्हटलं, पुन्हा सांग. पुन्हा सांग.

२ फेब्रुवारी

आवाज आहेच. देवापुढे बसून म्हटलं, घे ना. माझ्याच तोंडून स्पष्ट ऐकू आलं.

४ फेब्रुवारी

पोस्टमन आला. परदेशी पाकीट, कंपनीचं. मी काही कळवलं नव्हतं. कोणीच काही कळवलं नव्हतं. आत बोटभर चिठ्ठी —

शुद्धिपत्र. पान चौदा, कोरस, चौथा आवाज. ‘हेमराज’ हे चुकीचे आहे. ‘मयुरी’ असे वाचावे. चुकीबद्दल दिलगीर आहोत.

पान उघडून पाहिलं नाही. पाहायची गरज —

धुळ्याला फोन लावतोय. लागत नाही. पावणेचार. अजून पंधरा मिनिटं. ती चारला करतेच —

चिठ्ठी जाळली. फ्रेममधलीही जाळली —

चार. वाजतोय. उचलला. कोणी बोलत नाही. श्वास आहे फक्त. तो श्वास मी ओळखतो, हजारांत ओळखेन — बाळा, काहीतरी बोल, मांजरीचं नाव सांग एक — मागून ज्योत्स्नाचं रडणं, ही नुसती तोंड हलवतेय, हेमराज, ही नुसती —

प्लेअर बंद आहे. वायर काढून ठेवली आहे मी. रेकॉर्ड कपाटात. तरी आतल्या खोलीतून कोणीतरी पप्पा, पप्पा —